दहा मिनिटांचा सातारा

महाबळेश्वरला जाताना आपण साताऱ्याच्या आधीच वळतो. कोल्हापूरला जाताना बायपासवरून सुसाट पुढे निघतो. गोव्याला जाताना तर तेव्हा गाढ झोपेत असतो! कासची फुलं बघायला जाताना गावातून जावं लागतं खरं, पण तेव्हा सगळं लक्ष पुढच्या गाडीच्या नंबर प्लेटकडे. पुण्यापासून जेमतेम ११० किलोमीटरवर मराठ्यांची राजधानी आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तिथलं काय पाहिलंय? एसटी स्टँड!

आमच्या घरात तर सातारा म्हणजे दहा मिनिटं. आईचं माहेर कोल्हापूर. दर मे महिन्यात लाल एसटी, मांडीवर पिशव्या आणि साताऱ्याला कंडक्टरची आरोळी, 'दहा मिनिटं हं, लगेच निघणार!' बाबा चहाला उतरायचे, येताना कंदी पेढ्यांचा बॉक्स आणायचे. आई सामान सांभाळत खिडकीत बसून राहायची. शहराच्या डोक्यावर अजिंक्यतारा दिसायचा. त्याच्याकडे बघत ती दरवर्षी म्हणायची, "एकदा उतरायला पाहिजे बघा इथं." आणि बाबा दरवर्षी म्हणायचे, "पुढच्या वेळी नक्की."

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. एसटीची जागा माझ्या छोट्या कारनं घेतली आणि बायपासमुळे ती दहा मिनिटंसुद्धा गेली. मग गेल्या नोव्हेंबरात आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली, जानेवारीचा पहिला आठवडा. आधी उजवा, तो नीट झाला की डावा. म्हणजे पुढचे कित्येक महिने वॉकर, व्यायाम आणि घरच्या घरी फेऱ्या. आईनं तारीख कॅलेंडरवर लिहिली आणि पेन खाली ठेवता ठेवता म्हणाली, "त्याच्या आधी एकदा सातारा करू या की."

आता मी आयटीवाली. 'करू या की' म्हटल्यावर आपण काय करतो? एक्सेल उघडतो!

फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला आणि बेंगळुरूहून दादाच्या सूचनांचा पाऊस सुरू झाला. एवढ्या लांब जाताय तर कास करा. ठोसेघर करा. सज्जनगड तर मस्टच. बामणोलीला बोटिंग आहे. येताना वाईचा ढोल्या गणपती. मावशीनं त्यात चाफळ घातलं. संध्याकाळपर्यंत शीटमध्ये अकरा ओळी झाल्या. एका दिवसात अकरा ठिकाणं! ही ट्रिप नव्हती, रिले रेस होती.

काही नावं आपोआप गळली. कासचं पठार फुलतं ते पावसाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला. डिसेंबरात तिथे जाऊन वाळलेलं गवत बघायचं का? ठोसेघरचा धबधबाही खरा पावसाळ्यातला. बामणोली, चाफळ, वाई तीन वेगळ्या दिशांना. तरी पाच-सहा नावं उरलीच. तासांचा हिशेब मांडला. सकाळी सहाला निघून रात्री आठला घरी म्हणजे चौदा तास. त्यातले पाच गाडीत. उरले नऊ. नऊ तासांत पाच ठिकाणं सहज बसत होती.

पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, "फिरा की बिनधास्त, फक्त पायऱ्या जपून." त्यामुळे शीटमध्ये एक नवा कॉलम आला. अंतर, वेळ, तिकीट यांच्या शेजारी 'पायऱ्या'. आणि त्या एका कॉलमनं सगळा प्लॅन फिरवला. आमच्याकडे वेळ होता, पेट्रोल होतं, हौस तर भरपूर होती. तुटवडा होता तो गुडघ्यांचा. आईचे गुडघे दिवसभरात जेवढ्या पायऱ्या देतील तेवढ्यातच राजधानी बघायची होती.

मग मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "आई, यातलं एकच बघायला मिळालं तर कुठलं?"

तिनं यादी वरून खाली नीट वाचली. "माहुली नाही का गं यात?"

माहुली? अकरा ओळींत माहुली नव्हती. कुणी सुचवलीच नव्हती.

"ताराराणी तिथं आहे," आई म्हणाली.

कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. पुण्याकडून कोल्हापुरात शिरताना कावळा नाक्यावर घोड्यावर बसलेली, हातात तलवार घेतलेली ताराराणी भेटते. आई लहानपणी त्या पुतळ्याखालून गेली, लग्न करून पुण्याला निघाली तेव्हा तिथूनच आणि दर मे महिन्यात परतली ती तिथेच. कोल्हापूर आलं हे आईला पाटी वाचून कळत नाही, ताराराणी दिसली की कळतं. आणि त्या ताराराणीची समाधी कोल्हापुरात नाही. ती आहे साताऱ्याजवळ, संगम माहुलीला, कृष्णेच्या काठी.

मी दोन रात्री वाचत बसले. शाळेतल्या चार ओळींपलीकडे आपल्याला काही माहीतच नसतं हो! तळबीडच्या हंबीरराव मोहित्यांची ही मुलगी. १७०० च्या मार्चमध्ये राजाराम महाराज गेले तेव्हा तिचं वय पंचवीसच्या आसपास. समोर खुद्द औरंगजेब, साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसलेला. एप्रिलमध्ये किल्ला पडला आणि बादशहानं त्याचं नाव 'आझमतारा' ठेवलं. ताराबाईच्या फौजांनी तो परत घेतला. आज आपण 'अजिंक्यतारा' म्हणतो ते नाव तिनं दिलं असं सांगतात. पंचविशीत आपण अप्रेझलवरून रुसून बसतो. ही बाई १७०७ मध्ये औरंगजेब मरेपर्यंत त्याच्याशी लढत राहिली.

आणि जिंकल्यावर काय? शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, गादीवर हक्क सांगितला, लढाई झाली. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला राज्याभिषेक झाला तो शाहूंचा. ताराबाई पन्हाळ्याकडे गेल्या, कोल्हापूरची गादी उभी राहिली. १७१४ मध्ये तिथेही घरातल्याच माणसांनी त्यांना आणि त्यांच्या मुलाला कैदेत टाकलं. १७३१ च्या वारणेच्या तहानं सातारा आणि कोल्हापूर अशी दोन राज्यं कायमची वेगळी झाली आणि कोल्हापूरची ही राणी राहायला आली ती मात्र साताऱ्यात. पुढची तीसेक वर्षं तिथेच. तीही गप्प बसून नाही! शाहूंच्या मृत्यूनंतर, १७५० मध्ये, पंचाहत्तरीच्या या बाईनं नव्या छत्रपतींनाच किल्ल्यावर अडकवून ठेवलं आणि नानासाहेब पेशव्यांशी उघड सामना मांडला. डिसेंबर १७६१ मध्ये त्या गेल्या. पानिपत त्याच वर्षी जानेवारीत झालेलं, नानासाहेबही जूनमध्ये गेलेले. सगळे गेल्यावर ही गेली.

हे सगळं मी आईला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "बाई कोल्हापूरची आणि राहिली साताऱ्यात. कसं वाटलं असेल गं तिला?" पस्तीस वर्षं पुण्यात काढूनही 'आमच्याकडं' म्हटलं की कोल्हापूरच म्हणायचं असणाऱ्या बाईचा हा प्रश्न होता. मी उत्तर दिलं नाही.

पण प्लॅन मात्र नव्यानं मांडला. माझा हिशेब होता की जाताना वाटेत लिंबची विहीर, मग किल्ला, मग शहर आणि शेवटी माहुली. नकाशावर अगदी सुटसुटीत. आईनं एका वाक्यात फिरवला. "गुडघे सकाळी ताजे असतात. ज्याच्यासाठी जायचं ते आधी." खरं सांगते, ऑफिसमध्ये प्रायॉरिटी ठरवायच्या ट्रेनिंगला दोन दिवस बसले होते, तिथे हे एवढं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं!

माझी कॉलेजची एक मैत्रीण साताऱ्याची. तिला कामाला लावलं. गाडी कुठपर्यंत जाते? बसायला जागा आहे का? पायऱ्यांना धरायला काही आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्वच्छ बाथरूम कुठे? बिचारी एका संध्याकाळी स्कूटी काढून माहुलीला गेली आणि वाटेचा व्हिडिओ करून पाठवला. आईनं तो चष्मा लावून तीनदा बघितला. "हळूहळू जाता येईल," तिनं निकाल दिला. मी एक घडीचं स्टूल विकत घेतलं. पुराच्या दिवसांत नदीचं पाणी काठावर चढतं, म्हणून डिसेंबर उत्तम, हेही मैत्रिणीनंच सांगितलं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सहाला निघालो. कात्रज मागे पडलं, खेड-शिवापूरला उजाडलं, खंबाटकीच्या घाटात आईनं सवयीनं लिंबाच्या गोळ्या काढल्या. नऊच्या सुमाराला बायपास सोडून साताऱ्याकडे वळलो तेव्हा ती सीटवर नीट सरसावून बसली. "उतरायचं ना गं नक्की?" हे ती थट्टेत म्हणाली, पण पदर नीट केला.

संगम माहुली शहरापासून पाचेक किलोमीटरवर. इथे वेण्णा कृष्णेला मिळते. नदीवर धुकं होतं. विश्वेश्वराचं देऊळ पंतप्रतिनिधींनी अठराव्या शतकात बांधलेलं, काळ्या दगडाचं, थंडगार. पलीकडच्या काठाला क्षेत्र माहुली, न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. राजधानी वर डोंगराखाली, आणि राजधानीतली माणसं शेवटी इथे, नदीकाठी. शाहू महाराजांची समाधी इथेच. त्यांच्या खंड्या कुत्र्याचीसुद्धा. वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं असं सांगतात.

आई एक हात माझ्या खांद्यावर आणि एक काठीवर ठेवून उतरली. चार पायऱ्या, थांबायचं. चार पायऱ्या, थांबायचं. दोनदा स्टूल उघडलं. एक बाई कपडे धुवायला निघाली होती. तिनं न विचारता आईचा दुसरा हात धरला. "कुठनं आलाय?" आई म्हणाली, "कोल्हापूरची मी." पुण्याचं नावच नाही!

कोल्हापूरचा पुतळा लांबून दिसतो, ही समाधी विचारत विचारत गाठावी लागते. तिथे घोडा नाही, तलवार नाही. नदीकाठचा साधा दगड आणि शेजारून वाहणारं पाणी. आईनं घरून आणलेली शेवंतीची वेणी ठेवली. हात जोडले. मला वाटलं होतं ती रडेल, निदान काहीतरी बोलेल. ती स्टूलवर बसली, गुडघे चोळले आणि नदीकडे बघत राहिली. पंधरा-वीस मिनिटं. माझ्या शीटमध्ये इथे तासभर लिहिलेला होता. तो सगळा आम्ही वापरला.

त्यानंतरचं सगळं बोनस होतं, आणि म्हणूनच कदाचित मजेचं. अजिंक्यताऱ्यावर गाडी जाते ही माहिती ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी लिहून ठेवा. वर मंगळाईचं देऊळ आहे, ताराबाईंच्या वाड्याचे अवशेष आहेत. आम्ही दरवाज्यापाशीच थांबलो. पायऱ्यांचं बजेट माहुलीत संपत आलं होतं. तिथून खाली अख्खं सातारा दिसतं. मंगळवार, शनिवार, गुरुवार अशा पेठा, पुण्यासारख्याच. एका बाजूला यवतेश्वर, लांबवर सज्जनगड. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात अजिंक्यताऱ्याचं नाव नाही. त्यामुळे की काय, शनिवार असूनही वर गर्दी नव्हती. आई मात्र किल्ला बघत नव्हती, खाली काहीतरी शोधत होती. "स्टँड कुठला गं?" मी बोट दाखवलं. "एवढासा?" ती हसली.

जेवण झाल्यावर शिवाजी संग्रहालय. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं २०२४ च्या जुलैत भारतात आली तेव्हा सर्वांत आधी इथे मांडली होती. पुढे ती दुसरीकडे गेली. पण इथेच का आधी, तर ती वाघनखं ज्याच्याकडे होती तो ग्रँट डफ १८१८ नंतर साताऱ्यालाच इंग्रजांचा अधिकारी होता. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच. मग राजवाडा चौक. १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनमध्ये चौदा वर्षं खेटे घालत राहिले. आपण व्हिसाच्या रांगेत चौदा दिवसांत वैतागतो! प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीतच गेले आणि १८४८ मध्ये डलहौसीनं दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केलं. राजधानी संपली, गाव उरलं. पण त्याच महाराजांच्या नावानं आज ओळखल्या जाणाऱ्या इथल्या हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० ला एका मुलाचं नाव दाखल झालं, भिवा रामजी आंबेडकर. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. आईनं शिक्षिका म्हणून नोकरी केली नाही, पण गल्लीतल्या अर्ध्या पोरांना पाढे शिकवले. शाळेसमोर ती जरा जास्तच वेळ उभी राहिली.

पेढे घेतलेच. या वेळी दुकानात बसून, चव घेऊन, दोन वेगळ्या दुकानांतले.

परतताना लिंब फाट्याला आत वळलो. बारा मोटांची विहीर म्हणजे शाहूकाळातली, १७१९ ते १७२४ च्या दरम्यान विरूबाई भोसल्यांनी बांधवलेली. शंभर फुटांहून खोल, एका वेळी बारा मोटा चालायच्या म्हणून हे नाव. आत पायऱ्या, कमानी आणि विहिरीतच एक छोटा महाल. आईनं कठड्यापाशी स्टूल मांडलं. "माझ्या संपल्या आजच्या. तू उतर, बघून ये आणि मला सांग." मी खाली जाऊन वर बघितलं तर आकाशाच्या गोल तुकड्यात आईचं डोकं. तिथूनच ओरडत होती, "खांबावर काय कोरलंय गं?" मी खालून ओरडून सांगत होते. हत्ती, वाघ, घोडा. शेजारची कॉलेजची पोरं फोन खाली करून आमच्याकडे बघायला लागली.

रात्री सव्वाआठला घरी. शीटमधल्या अकरापैकी चार ठिकाणं झाली, आणि यादीत नसलेली माहुली. दादानं लगेच विचारलं, "सज्जनगड राहिलाच ना?" राहिला. चांगलं झालं.

तुम्ही जाणार असाल तर माझं ऐका. आधी अंतर मोजू नका. बरोबर येणाऱ्याला विचारा, एकच बघायला मिळालं तर कुठलं? मग बघा, तुमच्याकडे कमी काय आहे. कुणाकडे वेळ कमी असतो, कुणाकडे पैसे, कुणाकडे गुडघे. जे कमी असेल ते त्या एका ठिकाणासाठी राखून ठेवा आणि तिथे सकाळी जा, दिवस नवाकोरा असताना. संग्रहालयाला सुट्टी कधी ते आधी फोन करून विचारा. घडीचं स्टूल घ्याच, तरुण असलात तरी! आणि प्रत्येक हायवेवर कुणाचं तरी 'पुढच्या वेळी नक्की' उभं असतं, तेवढं घरी एकदा विचारून घ्या.

आईचं उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन छान झालं. फिजिओथेरपिस्ट रोज येते, जिन्याच्या पायऱ्या चढायला लावते. काल सहा झाल्या. घाम पुसत, कठडा धरून आईनं मला विचारलं, "हंबीररावांची समाधी तळबीडला आहे ना? तिथं पायऱ्या किती असतील गं?"

मैत्रिणीला व्हिडिओ पाठवायला सांगितलंय.